एकच विषय राहिलाय

मुठ्याच्या भिकू शेडग्याची रेश्मा हुशार आहे, हे तिच्या आधी गावाला कळलं. ती चौथीत असताना शाळा तपासायला एक साहेब आले होते. त्यांनी तिला फळ्यापाशी उभं केलं, चार प्रश्न विचारले आणि जाताना मास्तरांना म्हणाले, "हिला मध्येच शाळेतून काढू देऊ नका." भिकूने ते वाक्य उचललं आणि पुढची कितीतरी वर्षं भाताच्या गिरणीत, डेअरीवर, कुणाच्या दहाव्याला, जिथे बसेल तिथे सांगितलं. स्वतः तो दुसरीतून बाहेर पडलेला. चार खाचरं, दोन म्हशी आणि ही एक पोर, एवढाच त्याचा संसार. रेश्माची आई लीलाबाई कमी बोलायची. पण नवरा ते वाक्य सांगायला लागला की हातातलं काम थांबवून ऐकायची.

दोन हजार साली रेश्मा पौडच्या कॉलेजातून बारावी झाली. प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले आणि ताम्हिणी घाट उतरून खाली गेल्यावर कोकणात जे सरकारी विद्यापीठ आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्सला तिचा नंबर लागला. मुठा खोऱ्यातून इंजिनिअरिंगला गेलेली ती पहिलीच मुलगी. भिकूने पत्र्याची ट्रंक स्वतः डोक्यावर घेतली, पिरंगुटला महाडची एसटी धरली आणि लेकीला हॉस्टेलच्या दारापर्यंत सोडलं. दारात तो म्हणाला, "हितं आता तुजं तूच बघायचं. आमाला ह्यातलं काय कळत न्हाई." हे तो अभिमानाने म्हणाला होता.

पहिल्याच आठवड्यात रेश्माला कळलं की आपण कुठेतरी चुकून आलोय. बारावीची पुस्तकं इंग्रजीच होती, पण पौडचे सर शिकवायचे मराठीत आणि उत्तरं पाठ करून लिहिता यायची. इथे सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलत आणि तास संपला की निघून जात. पाठ करून भागत नव्हतं, कारण प्रश्न प्रत्येक वेळी नव्या तोंडाने समोर यायचा. प्रश्न काय विचारतोय हे कळेपर्यंत बाकीच्यांची अर्धी पानं भरलेली असत.

खोलीत तिच्यासोबत कोथरूडची स्वरदा होती. मनाने चांगली, पण रेश्मा "हितं" म्हणाली की तिला हसू आवरायचं नाही. "अगं, परत म्हण ना, किती गोड वाटतं!" रेश्माने महिन्याभरात "इथे-तिथे" शिकून घेतलं. मग दिवाळीला घरी गेल्यावर शेजारची धोंडाबाई म्हणाली, "पोरगी पुन्याची झाली की गं!" रेश्मा त्यानंतर दोन्हीकडे कमीच बोलायला लागली.

तरी ती रेटत राहिली. दरवर्षी एकदोन विषय राहायचे, पुढच्या खेपेला निघायचे. स्वरदाच्या वह्या, वरच्या वर्गातल्या मुलींच्या जुन्या प्रश्नपत्रिका, लायब्ररीतली कोपऱ्यातली खुर्ची. तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हा विषय आला. तारेशिवाय, मोकळ्या हवेतून लहरी कशा जातात त्याचा. तो मात्र तिला मनापासून आवडला. गणित किचकट होतं, पण त्यामागचं काहीतरी तिला दिसायचं. या विषयाच्या तोंडी परीक्षेला ती पहिल्यांदाच न घाबरता गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारला. उत्तर तिला येत होतं, अगदी डोळ्यासमोर होतं. तिने इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्यात अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटी म्हणाली, "सर, मराठीत सांगू का?"

शेजारी उभी असलेली मुलं हसली. परीक्षक हसले नाहीत. ते मराठीच होते, वयस्कर होते. शांतपणे म्हणाले, "सांग, मी ऐकतो. पण पेपरही मराठीत लिहिणार आहेस का?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. ती "सॉरी सर" म्हणाली आणि पुढे एक शब्द बोलली नाही. त्या वर्षी बाकी सगळं निघालं, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर राहिला. शेवटच्या वर्षासोबत पुन्हा दिला, पुन्हा राहिला. कंपन्या हॉस्टेलशेजारच्या इमारतीत मुलाखती घ्यायला आल्या, तेव्हा ज्यांचा विषय राहिलाय त्यांनी बसायचं नाही असा नियम होता. स्वरदाला पुण्यात नोकरी लागली. रेश्माने तिला मिठी मारली आणि ट्रंक भरली.

घरी आल्यावर भिकूने ओट्यावरूनच विचारलं, "झालं का गं समदं?"

"चार वर्षं झाली, आबा. पण एक विषय राहिलाय."

"किती विषय असत्यात?"

"सगळे मिळून चाळीसच्या वर."

भिकू मोठ्याने हसला. "आगं, चाळीस पोती घरात आली आन् एक खाचरात ऱ्हायलं, तर सुगी झाली न्हाई म्हनायची का? निघंल की एक!"

तिने समजावून सांगितलं की तसं नसतं, तो एक निघाल्याशिवाय पदवी मिळत नाही. भिकूने मान हलवली. पण त्याच्या हिशेबात ती इंजिनिअर झालेली होती. त्याने तसंच गावाला सांगितलं. गावातल्या मंडळाचा अध्यक्ष कोंडाजी पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत होता. त्याने आठवड्यात फाट्यावर फ्लेक्स लावला. तेव्हा फ्लेक्स नवेच निघाले होते. 'मुठा खोऱ्यातील पहिली महिला इंजिनिअर कु. रेश्मा भिकू शेडगे हिचे हार्दिक अभिनंदन.' रेश्माचा दोन वेण्यांतला जुना फोटो, खाली कोंडाजीचा त्याहून मोठा.

पिरंगुटहून परतताना रेश्मा फाट्यावर एसटीतून उतरली आणि स्वतःच्या फोटोसमोर उभी राहिली. तशीच घरी आली.

"आबा, तो बोर्ड काढायला सांगा. मी पास नाही झालेली."

"लोकं कौतुकानं करत्यात, आन् आपुन उतरवायचा? वंगाळ दिसतंय ते."

"पण खोटं आहे ते!"

"खोटं कसं? उद्या निघंलच की तुजा इषय." भिकूला तिचा राग खरोखर समजत नव्हता. "तू हुशार हायेस. साहेबच म्हनलं हुतं."

तिथून पुढे तिला गावात कुणी रेश्मा म्हणेना. धोंडाबाई "इंजिनेरीन बाई" म्हणायची, पोरं "मॅडम" म्हणायची. परीक्षा वर्षातून दोनदा असायची. प्रत्येक खेपेला ती घाट उतरून जायची, एखादी ओळखीची ज्युनिअर सोबत मिळाली तर स्वस्तातल्या लॉजवर राहायची, पेपर देऊन परत यायची. आणि मग निकाल. पासाला चाळीस लागायचे. कधी सदतीस, कधी एकतीस, एकदा अडतीस. अडतीसच्या वेळी तिने पेपर पुन्हा तपासायला दिला, तेव्हा छत्तीस झाले.

मधल्या काळात नोकरी शोधायला ती पिरंगुट, उरवडे इथल्या कारखान्यांतून हिंडली. ऑफिसच्या कामाला गेली की विचारत, डिग्री? एक विषय राहिलाय म्हटलं की, निघाल्यावर या. लाइनवरच्या कामाला गेली तर म्हणत, तुम्ही इंजिनिअरिंग केलेल्या, तुम्ही इथे टिकणार नाही. एका गेटवर ती कमी पडायची, दुसऱ्यावर जास्त भरायची. लग्नाचंही तेच. जवळपासच्या शेतकरी घरांतून निरोप यायचा, एवढी शिकलेली पोरगी आमच्यात चिखलात उतरंल का? आणि शहरातली स्थळं पहिल्यांदा पदवी विचारायची. बायोडेटावर तिने 'शिक्षण' या शब्दापुढे 'बी.ई. अपिअर्ड' लिहिलं होतं. म्हणजे परीक्षेला बसलेली. पहिल्या वर्षी तो शब्द बरा दिसत होता. दोन वर्षांनी बायोडेटा पुन्हा टाइप करायची वेळ आली, तेव्हा तिने तो शब्द बराच वेळ बघितला आणि तसाच ठेवला. दुसरा शब्द नव्हता.

तिच्या आत्याने, रंभाबाईने, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात एक स्थळ आणलं. मुलगा मनीष, बार्शीकडचा, इलेक्ट्रॉनिक्सच करून हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, बावधनला भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याचे वडील अण्णासाहेब निवृत्त शिक्षक. बघायला आले तेव्हा भिकूने अंगण सारवून घेतलं होतं. अण्णासाहेबांनी सरळच विचारलं, "पदवी केव्हा मिळाली, बाळ?"

भिकूने तोंड उघडायच्या आत रेश्मा म्हणाली, "मिळाली नाही. एक विषय राहिलाय."

मनीषने कप खाली ठेवला. "कुठला?"

"इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स."

तो एकदम हसला. "अरे देवा! माझाही तोच राहिला होता. दोनदा!"

दोन वर्षांत रेश्माला इतकं हलकं वाटलं नव्हतं. जाताना अण्णासाहेब म्हणाले, "विषय निघू द्या, मग पुढचं बोलू. घाई नाही." मनीषने भिकूच्या नव्या मोबाइलचा नंबर घेतला.

मोबाइलला रेंज फक्त घरामागच्या वरच्या खाचराच्या बांधावर यायची. मनीषचा फोन रविवारी सकाळी येई. लीलाबाई तिला हाक मारायची आणि स्वतः म्हशींकडे निघून जायची, म्हणजे पोरीला मोकळं बोलता यावं. तो सांगायचा, आकृती मोठी काढ, व्याख्या आधी लिही, सोपा प्रश्न पहिला घे. मग हळूहळू दुसरंही बोलणं व्हायचं. बावधनच्या मेसमधली भाजी, ऑफिसातली भांडणं. एकदा त्याने विचारलं, "तुला हा विषय आवडतो का गं? की नुसता उरलाय म्हणून करतेस?" असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "आवडतो," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

हिवाळ्यात ती परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा तिने स्वतःच बांधावर जाऊन फोन लावला.

"नाही निघाला," ती म्हणाली.

पलीकडून तो म्हणाला, "बरं. पुढच्या वेळी निघेल. टेन्शन घेऊ नकोस." आवाज मायेचाच होता. पण पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ती बांधावर जाऊन काहीतरी खुरपत बसायची. महिनाभराने रंभाबाई आली आणि चुलीपाशी बसून लीलाबाईला म्हणाली, "पोरगी त्यांच्या मनात भरली हुती गं. पर पोराला नोकरीवाली पायजे. पुन्यात एकट्याच्या पगारात भागत न्हाई म्हंत्यात."

रेश्मा आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही. त्या दिवसानंतर मात्र ती पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान तासभर समोर असायचं. जेवण कमी झालं. स्वरदाचं लग्नाचं आमंत्रण आलं, ती गेली नाही. भिकू डेअरीवर दूध घालून आला की तिच्याकडे बघायचा आणि टोपी काढून बसायचा.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर परीक्षेचा अर्ज भरायला गेली, तेव्हा खिडकीतल्या माणसाने सांगितलं की तुमचा अभ्यासक्रम जुना झाला, या हिवाळ्यात त्याची शेवटची परीक्षा. यानंतर हा पेपर निघणार नाही.

ती घरी आली ती पेटूनच. पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली. एके दिवशी लीलाबाई वाळत घातलेली धुणी काढत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "त्या पेपरात असतंय तरी काय गं?"

रेश्मा उठली. धुण्याच्या दोरीचं एक टोक खांबाला तसंच ठेवून दुसरं तिने सोडलं आणि हाताने हिसका दिला. दोरीतून लाट खांबापर्यंत गेली. मग ती सांगत सुटली. लाट काय असते, पुढे काय जातं आणि जागेवर काय राहतं, खांबावर आपटून परत का येते. मोबाइल कसा बोलतो, वरच्या बांधावर रेंज का येते आणि घरात का येत नाही. किती दिवसांनी ती इतकं बोलत होती. "हितं", "तितं" सगळं तिच्या तोंडात परत आलं होतं.

लीलाबाई दोरीकडे बघत राहिली. "म्हंजी दोरी हितंच ऱ्हाती. झटका तेवढा फुडं जातो."

"व्हय आई! अक्षी तसंच."

"मंग येतंय की तुला!" लीलाबाई म्हणाली.

शेवटच्या पेपरला रेश्मा वर्गात शिरली, तेव्हा आत बसलेली पोरं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम." दुसऱ्याच कुठल्या विषयाची, सहासात वर्षांनी लहान पोरं होती ती. ती कडेने जाऊन आपल्या नंबरच्या बाकावर बसली, तेव्हा मागे कुजबूज झाली. प्रश्नपत्रिका हातात आली. तिने वाचली आणि तिला बहुतेक सगळं येत होतं. पहिला प्रश्न तर तिने आईला सांगितलेलाच होता. तिला तो नीट, बिनचूक लिहायचा होता. वाक्य लिहिलं, व्याकरण चुकलं असं वाटलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. जे दोरीवर दोन मिनिटांत सांगून झालं होतं, त्याला इंग्रजीत तास गेला. मग घाई झाली, मग गणितात चिन्ह चुकलं आणि ते कुठे चुकलं हे सापडेना. पेपर ओढून घेतला तेव्हा तिचे दोन प्रश्न कोरे होते.

चौतीस पडले.

भिकू म्हणाला, "बरं, पुन्यांदा बस."

"आता बसता येत नाही, आबा. तो पेपरच बंद झाला."

"पेपर कसा बंद व्हईल? पेपर काय एसटी हाय का?" तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर चिडला होता, आणि नेमकं कुणावर चिडायचं ते न कळल्यामुळे चिडला होता. "मी येतो संगं. साहेबाला भेटू."

दुसऱ्या दिवशी त्याने धुतलेलं धोतर नेसलं, आंबेमोहोर तांदळाची छोटी पिशवी बांधून घेतली आणि बापलेक घाट उतरून गेले. परीक्षा विभागातला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने दोघांना बसवलं, चहा मागवला, जुनी कागदपत्रं काढली. मग म्हणाला, "काका, नियमच आहे. त्यांना शिकायचं असेल तर नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून पुन्हा प्रवेश घ्यावा लागेल. तीन वर्षं."

"आन् झाल्याली चार?"

"पहिलं तेवढं धरता येईल. बाकीची नाहीत."

भिकूने पिशवी टेबलावर ठेवली. "आमच्या रानातला हाय. लई वासाचा."

"काका, हे नको. खरंच नको."

"चाळीस इषय केलं हो तिनं," भिकू म्हणाला आणि त्याने हात जोडले. रेश्माने आपल्या बापाला देवळाबाहेर कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्याने खाली बघितलं. रेश्माने पिशवी उचलली, बापाच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला आबा."

परतीच्या गाडीत भिकू खिडकीशी बसला होता. घाट चढून गाडी वर आली, मुळशीचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा तो बाहेर बघतच म्हणाला, "तुला मराटीत इचारलं असतं तर आलं असतं का गं?"

"व्हय," रेश्मा म्हणाली.

पौड गेलं, पिरंगुट आलं. उतरताना त्याला पायरी दिसली नाही, तो अडखळला, तेव्हा तिने सावरलं. त्या वर्षापासून चौथीतल्या साहेबाचं ते वाक्य कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

दोन हजार नऊमध्ये रेश्मा उरवड्याच्या एका कारखान्यात लागली. गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बांधायचं काम, ठेकेदाराकडून. तिथे शिक्षण विचारलं, तेव्हा तिने बारावी सांगितलं आणि त्यांनी लगेच घेतलं. लाइनवरचा इंजिनिअर कौस्तुभ नुकता कॉलेजातून आलेला होता, तिला ताई म्हणायचा. बायकांना लाल वायर कुठे, काळी कुठे, हे तो हळू आवाजात समजावून सांगायचा. तीही मान हलवून ऐकायची. बायका बऱ्या होत्या, डबा वाटून खायच्या. घरी येईस्तोवर बोटांची सालं निघालेली असायची. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि लीलाबाईला त्याचीच भीती वाटायची. रडली असती तर बरं, असं ती धोंडाबाईला एकदा म्हणाली.

पुढच्या वर्षी रंभाबाईनेच पौडचं एक स्थळ आणलं. गेणबा नावाचा माणूस, शाळेची बस चालवायचा, पहिली बायको वारलेली, मूल नव्हतं. दहावी झालेला. बायोडेटा नवीन करायचा होता. रेश्माने शिक्षणापुढे 'बारावी' लिहिलं.

"आन् ती चार वरसं?" भिकूने विचारलं.

"त्याला नाव नाही, आबा."

गेणबा बघायला आला तो थोरल्या भावाला घेऊन. साधा माणूस होता, मान खाली घालून बसला होता. भावानेच चौकशी केली. शेत किती, भावंडं किती, कारखान्यात पाळी कुठली. मग म्हणाला, "बारावी म्हंजे दोन हजार साली. त्याच्यानंतर काय केलं?"

लीलाबाईचा हात पदरावर थांबला. भिकूने लेकीकडे बघितलं.

"काही नाही," रेश्मा म्हणाली. "घरीच होते."

भिकू उठला आणि म्हशींना पाणी दाखवतो म्हणून मागे गेला. तो बराच वेळ आला नाही, म्हणून सुपारीचं बोलणं रंभाबाईने पुरं केलं. वैशाखात लग्न झालं.